पावसाळ्यात किनारा खरवडून निघतो, मग वाळूतल्या बारक्या जिवांचं काय होतं?

नाशिकच्या एका कॉलेजात एमएस्सी झूऑलॉजी करणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिने प्रोजेक्टसाठी गुहागरच्या किनाऱ्यावरून मे, सप्टेंबर आणि डिसेंबर अशी तीन वेळा वाळूची सॅम्पल्स आणली. सप्टेंबरला निमॅटोड (सूक्ष्म गोलकृमी) निम्म्याच्या खाली आले आणि कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव) जवळपास गायब झाले, डिसेंबरला निमॅटोड मे महिन्यापेक्षाही जास्त निघाले पण त्यांचे प्रकार कमी, आणि एकाच दिवशी शेजारीशेजारी घेतलेल्या कोअरमध्ये (नळी खुपसून काढलेल्या वाळूच्या सॅम्पलमध्ये) आकडे कुठल्या कुठे. गाइडना इंटरमीडिएट डिस्टर्बन्सचा (मध्यम त्रासाला विविधता सर्वात जास्त, या विचाराचा) उंचवट्याचा आलेख हवाय, तो काही केल्या येत नाही. मग पावसाळ्याने नुकसान केलं असं लिहायचं का, आणि डिसेंबरला सगळं पूर्वपदावर आलं असं म्हणायचं का?

थेट सांगतो, ही दोन्ही वाक्यं थीसिसमध्ये लिहू नकोस कारण तुझ्या डेटातून ती निघत नाहीत. जे निघतं ते जास्त चांगलं आहे, पण त्यासाठी किती मेले हा प्रश्न जरा बाजूला ठेवून दोन गोष्टी आधी विचार. हा त्रास त्या जागेला नेहमीचा आहे का? आणि ज्यांना तो झाला त्यांना परत यायला रस्ता कुठला? माझी कामाची बरीच वर्षं समुद्राच्या गाळात गेली, राहतो नाशकातच, आणि मला तरी या दोन प्रश्नांशिवाय कुठलाही डिस्टर्बन्सचा डेटा नीट लागलेला नाही.

आधी मंडळी कोण ते बघू. तू मोजतेयस तो मेयोफॉना, म्हणजे साधारण अर्ध्या किंवा एक मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडणारे आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर अडकणारे प्राणी (खोल समुद्रात ३२ ची वापरतात). हे नाव १९४२ मध्ये मॉली मेअर यांनी वापरात आणलं. चौरस मीटरला दहा लाखाच्या घरात हे सहज असतात, त्यात बहुतेक ठिकाणी निमॅटोडच सगळ्यात जास्त आणि दुसऱ्या नंबरला हार्पॅक्टिकॉइड कोपेपॉड. यांच्यावरच्या साइजचे म्हणजे पॉलिकीट (समुद्री वळवळे किडे), शिंपले, अँफिपॉड (कोळंबीसारखे छोटे जीव) वगैरे मॅक्रोफॉना. एकाच वादळाला हे दोन गट एकदम वेगवेगळं उत्तर देतात, त्यामुळे पेपर वाचताना आधी बघायचं की बोलणं कोणाबद्दल चाललंय, नाहीतर दोन पेपर एकमेकांच्या विरुद्ध वाटतात आणि प्रत्यक्षात ते विरुद्ध नसतातच.

आता नेहमीचा त्रास म्हणजे काय. आपल्याकडे गोदेला पाणी आलं की लोक विचारतात, दुतोंड्या मारुतीला (नदीतल्या मूर्तीला) कुठपर्यंत लागलं? पायाला, गुडघ्याला लागलं तर पंचवटीतले दुकानदार सामान वर उचलतात, पाणी ओसरलं की चिखल धुतात आणि परत दुकान लावतात, कारण ते दरवर्षीचं आहे आणि तिथे टिकलेली माणसंच त्या हिशोबाने टिकलेली आहेत. पाणी डोक्यावरून गेलं की गोष्ट वेगळी, तेव्हा वर उचललेलं सामान पण जातं. वाळूतल्या जिवांचं अगदी असंच आहे. गुहागरच्या भरतीच्या पट्ट्यात आज जे निमॅटोड सापडतात ते असंख्य पावसाळ्यांच्या चाळणीतून उरलेल्या जातींचेच आहेत, दर जूनला वाळू हलणार हे गृहीत धरूनच त्यांचं शरीर आणि आयुष्य बनलेलं आहे. अशा जागी पावसाळ्याला नुकसान म्हणणं मला पटत नाही, तो त्या जागेचा स्वभाव आहे. त्या हिशोबाबाहेरचं काही आलं, समजा ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-अलिबागच्या बाजूला आलं (तेच पुढे कमजोर होत आपल्या नाशिकपर्यंत पाऊस घेऊन आलं), की मग नुकसानाची भाषा सुरू करायची, आणि तेसुद्धा आधीचा डेटा हातात असेल तरच.

तुझा सप्टेंबरचा आकडा आता बघ. लाटेची ढवळ साधारण तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत जाणवते. दहा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटेची खोल पाण्यातली लांबी दीडशे मीटरच्या आसपास भरते, म्हणजे पंचाहत्तर-ऐंशी मीटर खोल तळालाही तिची हालचाल थोडीफार पोचते, मग किनाऱ्यावर काय होत असेल ते सांगायला नको. कोकणात पावसाळ्यात वाळू किनाऱ्यावरून उचलून समोर पाण्याखालच्या बांधावर जाऊन बसते आणि दिवाळीच्या पुढेमागे हळूहळू परत येते. म्हणजे तू मे महिन्यात ज्या वाळूत कोअर घातलास ती वाळूच सप्टेंबरला तिथे नव्हती, तू खालच्या थरात कोअर घातलास. त्यामुळे घट झाली यातला किती भाग मेला, किती भाग वाळूबरोबर दुसरीकडे गेला आणि किती भाग खाली सरकला हे एका आकड्यात मिसळलेलं आहे.

आणि कोपेपॉड निमॅटोडपेक्षा जास्त का गेले याचं कारणही यातच आहे. हार्पॅक्टिकॉइड मुख्यतः वरच्या एक-दोन सेंटीमीटरात, त्यांना ऑक्सिजन जास्त लागतो, त्यातले बरेच तर स्वतःहून वाळूच्या वर पाण्यात येतात-जातात, त्यामुळे तळ हलला की पहिले उचलले जातात तेच. निमॅटोड लांबुडके, शेपटीला चिकट स्राव सोडणाऱ्या ग्रंथी, वाळूच्या कणाला धरून बसतात, आणि कमी ऑक्सिजन सोसणाऱ्या जाती त्यांच्यात भरपूर, त्यामुळे खाली खोल जाऊन राहू शकतात. त्यात पावसाचं गोडं पाणी वरून वाळूत मुरतं, खारटपणा खाली येतो, तो मार वेगळाच. तू कोअर अख्खा एकत्र मोजलायस असं दिसतंय. तो शून्य ते दोन, दोन ते पाच, पाच ते दहा असा कापून मोजला असतास तर सप्टेंबरला निमॅटोड खाली सरकलेले दिसायची बरीच शक्यता होती. वाळूत ऑक्सिजन खोल जातो म्हणून हे चालतं, खाडीच्या चिखलात नाही चालणार, तिथे तपकिरी थर काही मिलिमीटरचाच आणि खाली लगेच काळा सल्फाइडवाला गाळ, म्हणून तिथले बहुतेक प्राणी वरच्या दोन-तीन सेंटीमीटरातच अडकलेले असतात आणि वरचा पापुद्रा गेला की सगळेच जातात.

परत यायचा रस्ता हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. मॅक्रोफॉनातल्या बऱ्याच जणांच्या अळ्या पाण्यात तरंगतात, त्या हंगामातच असतात, त्यामुळे जागा रिकामी झाली तरी अळ्या यायच्या वेळेपर्यंत थांबावं लागतं. मेयोफॉनाचं तसं नाही. निमॅटोडला तरंगती अळी नसते, अंड्यातून छोटा निमॅटोडच निघतो, कोपेपॉडची मादी अंड्यांची पिशवी अंगावर घेऊन फिरते, आणि पिढी काही आठवड्यांत पूर्ण होते (मोठ्या जातींना महिने लागतात, काहींना वर्षसुद्धा). ते परत येतात ते वाळू-गाळाच्या कणांसारखेच, लाटेने उचलून आणून टाकलेले. म्हणजे जी लाट त्यांना नेते तीच आणते पण! शर्मन आणि कूल यांनी १९८० मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलायनाच्या चिखलात काही चौरस मीटरचा तुकडा हाताने उकरून बघितला तर एका भरती-ओहोटीत मेयोफॉना परत आजूबाजूइतका झाला होता. पाकटाने खाण्यासाठी केलेला खड्डा, खेकड्यांनी काढलेल्या गोळ्या, हे सगळं याच हिशोबात बसतं, तासांत नाहीतर दिवसांत भरून निघतं.

तुकडा मोठा झाला की हिशोब बदलतो. अंटार्क्टिकातल्या सिग्नी बेटाजवळ हिमनगाने उथळ तळ घासून काढला तेव्हा मॅक्रोफॉना ९९ टक्क्यांहून जास्त गेला, मेयोफॉनाही बहुतेक सगळा गेला, पण निमॅटोड काही महिन्यांच्या आतच परत पहिल्या संख्येवर आले आणि मोठ्या प्राण्यांना त्याच जागी खूप जास्त वेळ लागला. हे उदाहरण मी प्रत्येकाला सांगतो, कारण थंड पाण्यात जिथे सगळं सावकाश चालतं तिथे सुद्धा निमॅटोड इतके पटकन आले, मग कोकणच्या गरम पाण्यात सप्टेंबर ते डिसेंबर हा काळ त्यांच्यासाठी किती पिढ्यांचा असेल विचार कर. तू तीन महिन्यांनी जाऊन परत आले का हे बघतेयस, ते येऊन, वाढून, कदाचित एकदा कमी होऊनसुद्धा झालेले असतील.

सगळा नैसर्गिक त्रास एका पारड्यात टाकायचा नाही हेही इथेच सांगतो. तीच वाळू हलणं आणि वरून परका चिखल येऊन बसणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. न्यूझीलंडच्या खाड्यांमध्ये मुद्दाम मातीचे थर टाकून प्रयोग केले गेलेत, तिथे तीन मिलिमीटरच्या थरानेसुद्धा मॅक्रोफॉनावर परिणाम दिसला आणि काही सेंटीमीटरचा थर बसला की खालचा ऑक्सिजन संपून बहुतेक सगळं काही दिवसांत मेलं. तुझ्या गुहागरच्या उत्तरेला दाभोळ-अंजनवेलजवळ वाशिष्ठी समुद्राला मिळते, जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा तिने किती माती खाली नेली असेल, तर किनाऱ्याच्या उत्तर टोकाची आणि दक्षिण टोकाची सॅम्पल्स एकत्र करून सरासरी काढली असशील तर ती परत वेगळी कर. वाळूच्या कणांचं माप घेतलंयस का? नसेल तर उरलेल्या वाळूचं आजच घे, बारीक मातीचा टक्का सप्टेंबरला वाढलेला दिसला तर अर्धी गोष्ट तिथेच कळेल.

मग ऑक्सिजन. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खालचं ऑक्सिजन कमी असलेलं पाणी उथळ भागावर वर येतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला ते सगळ्यात वाईट असतं, काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइडपर्यंत जातं. तुझ्या भरतीच्या पट्ट्यात लाटा फुटतात म्हणून तिथे तो प्रश्न नाही, पण समोर वीस-तीस मीटर खोल गेलीस तर पावसाळ्यानंतरची घट लाटेमुळे की ऑक्सिजनमुळे हे वेगळं काढावं लागेल. लाटेने कोपेपॉड उचलले जातात, ऑक्सिजन गेला तरी पहिले कोपेपॉडच जातात, निकाल सारखा दिसतो आणि कारण वेगळं. म्हणूनच निमॅटोड-कोपेपॉड रेशो काढून त्यावर मोठे निष्कर्ष काढणं मला आवडत नाही. १९८१ ला तो प्रदूषणासाठी सुचवला गेला आणि लगेचच त्यावर टीकाही झाली, वाळूच्या मापानेच तो इतका बदलतो की बाकीचं त्यात बुडून जातं.

खोल समुद्र शांत असतो हा समजही सोडून दे. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियासमोर ४८०० मीटरच्या आसपास तळाशी वर्षातून अनेकदा जोरदार प्रवाहाची वादळं येतात, १९८० च्या दशकात तिथे मोठं काम झालं, आणि तिथे काही गटांची संख्या त्या खोलीच्या मानाने उलट जास्तच निघाली. प्रवाहाबरोबर अन्नही येतं ना. याउलट न्यूझीलंडच्या समुद्राखालच्या कैकौरा दरीत नोव्हेंबर २०१६ च्या ७.८ च्या भूकंपाने गाळाचा लोंढा खाली गेला, तिथला जगातल्या समृद्ध तळांपैकी एक तळ साफ झाला, काही आठवड्यांनी कॅमेरे उतरवले तर मोठं काही दिसेना, आणि चारेक वर्षांनी बरंचसं परत येताना दिसलं. दोन्ही नैसर्गिक, दोन्ही खोल, आणि परिणाम किती वेगळे.

आता गाइडच्या आलेखाकडे येतो. कॉनेल यांनी १९७८ मध्ये तो विचार मांडला तो पावसाळी जंगलं आणि प्रवाळांवरून. त्यात गृहीत असं की जागेसाठी मारामारी आहे, बलवान जात सगळ्यांना हाकलून जागा बळकावते, आणि मधूनमधून त्रास झाला की तिची पकड सुटते म्हणून मध्यम त्रासाला विविधता सर्वात जास्त. झाड हलत नाही, प्रवाळ हलत नाही, तिथे हे बसतं. गाळात जागा तीन बाजूंनी आहे, वर-खाली-आडवी, प्राणी सरकतात, एका जातीने दुसरीला सरसकट हाकलून दिल्याचं गाळात सहसा दिसत नाही. मग पकड सुटणार कोणाची? त्यामुळे गाळात तो उंचवटा कधी दिसतो, बरेचदा दिसत नाही, आणि न दिसणं हा तुझ्या कामातला दोष नाही. त्यानंतर वर्षभराने, १९७९ ला ह्यूस्टन यांनी जे मांडलं ते गाळाला जास्त लागू पडतं असं माझं मत आहे: त्रास किती हे एकट्याने ठरत नाही, वाढीचा वेग किती, म्हणजे अन्न किती, तेही बघावं लागतं. अन्न भरपूर असेल तर त्याच त्रासातून समाज वेगळ्या ठिकाणी जाऊन थांबतो.

शिवाय तुझ्याकडे बिंदू तीन, आणि तेही वेळेचे. उंचवटा दाखवायला आडव्या अक्षावर त्रासाची वेगवेगळी पातळी लागते, एकाच वेळी, म्हणजे उघडा किनारा, अर्धा आडोशाचा, पूर्ण आडोशाचा. मे-सप्टेंबर-डिसेंबरला त्रासाच्या पातळ्या समजून रेघ ओढलीस तर व्हायवाला कोणीतरी विचारणारच की ऋतू बदलला, तापमान बदललं, अन्न बदललं, त्याचं काय केलंस. गाइडना हे शांतपणे सांग, आलेखाऐवजी खाली सांगतोय ते दाखव, ते नाही म्हणणार नाहीत.

डिसेंबरचं बघ. संख्या मे महिन्यापेक्षा जास्त, प्रकार कमी. पावसाळ्यानंतर पाणी निवळतं, ऊन मिळतं, वाळूवर डायटमची (सूक्ष्म शैवालाची) वाढ होते, आणि डायटम खाणाऱ्या, लवकर पिढ्या काढणाऱ्या एक-दोन जाती फुगतात. म्हणजे एकूण आकडा वर गेला तो समाज परत आला म्हणून असेलच असं नाही, एक-दोन जातींची चंगळ झाली म्हणूनही असेल. हे तपासायला जातीपर्यंत जायची गरज नाही, तोंडाची पोकळी बघून वीझर यांच्या १९५३ च्या पद्धतीने चार खाद्यगटात वाटणी कर: बारीक तोंडाचे बॅक्टेरिया वगैरे ओढणारे, रुंद तोंडाचे गाळ गिळणारे, दातांनी डायटम फोडणारे, आणि मोठ्या दातांचे शिकारी. प्रत्येक कोअरमधून शंभरेक निमॅटोड उचलून ग्लिसरीनच्या स्लाइडवर घेतलेस तरी चित्र दिसेल. शिकारी आणि सर्वभक्षी गट मे महिन्याच्या प्रमाणात परत आला असेल तरच पूर्वपदाची भाषा कर, कारण ते मोठे, सावकाश वाढणारे, सगळ्यात शेवटी येणारे.

आणि शेजारशेजारच्या कोअरमधल्या ज्या फरकाला तू घाबरलीयस तो तुझ्या डेटातला सगळ्यात चांगला भाग आहे. वॉरविक आणि क्लार्क यांनी १९९३ मध्ये दाखवलं की त्रास झालेल्या जागी सॅम्पलसॅम्पलमधला फरकच वाढतो, सरासरी फारशी बदलली नसली तरी. कारण सरळ आहे, कुठे वाळू दहा सेंटीमीटर गेली कुठे तीन, कुठे आधी कोपेपॉडचा घोळका येऊन पडला कुठे नाही, सगळीकडे समाज वेगवेगळ्या टप्प्यावर असतो. त्यामुळे तू कोअरची सरासरी काढून फरक लपवू नकोस. मे, सप्टेंबर, डिसेंबर तिन्ही वेळचा कोअरमधला विखुरलेपणा मोज आणि तोच मुख्य निकाल म्हणून लिही. मे महिन्यात कमी, सप्टेंबरला जास्त, डिसेंबरला मधे असं निघालं तर संख्या काहीही म्हणो, समाज अजून बसतोय हे तू आधारासह म्हणू शकतेस.

लॅबमधल्या दोन-तीन गोष्टी. रोझ बेंगॉल हा प्राणी उठून दिसावेत म्हणून वापरतात तो रंग मेलेल्यालाही चढतो, अंगात मांस शिल्लक असलं की झालं, त्यामुळे वादळानंतर लगेच घेतलेल्या सॅम्पलमध्ये आधीच मेलेले पण गुलाबी दिसून जिवंतात मोजले जातात. फिक्का, आतून रिकामा, कातडी सुटलेला दिसला तर वेगळ्या रकान्यात टाक. लुडॉक्समध्ये (प्राणी वाळूतून वेगळे करायच्या जड द्रवात) तरंगवायच्या आधी सॅम्पल गोड्या पाण्याने नीट धुवून घे, खारट पाण्याचा अंश राहिला की त्याची जेली होते आणि सॅम्पल वाया जातं. फॉर्मॅलिन किनाऱ्यावरच घाल, गुहागर ते नाशिक एसटीत रात्रभर उन्हाळ्यातली ओली वाळू तशीच आणलीस तर वाटेतच ऑक्सिजन संपतो आणि कोपेपॉड नरम पडून फुटतात, मग ते पावसाने गेले की बसमध्ये ते कसं सांगणार? ६३ मायक्रॉनची चाळणी महाग पडते म्हणून नाशकात स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांकडची जाळी पीव्हीसी पाइपला लावून बरेच जण काम चालवतात, चालतं ते, पण भोकाचं माप मायक्रोस्कोपखाली स्वतः मोजून घे, दुकानदाराच्या नंबरावर जाऊ नकोस, आणि तिन्ही वेळा तीच जाळी वापर.

परवडत असेल तर अजून एक फेरी कर. मे संपताना, पहिला मोठा पाऊस यायच्या आधी, उत्तर टोक, मधला भाग आणि दक्षिण टोक, ओहोटीच्या एकाच उंचीवर, प्रत्येक ठिकाणी जमतील तेवढे कोअर, आणि ते थरांत कापलेले. मग सप्टेंबरला वाळू किती खाली गेली हे कळायला भरतीरेषेच्या वरच्या एखाद्या पक्क्या गोष्टीपासून, मंदिराची पायरी म्हण किंवा बांधाचा दगड, दोरी आणि लेव्हलने उंची मोजून ठेव. वाळू किती गेली हा आकडा नसेल तर बाकी सगळे आकडे अधांतरी राहतात. ते जमणार नसेल तर आहे त्या सॅम्पलमधून खाद्यगट आणि विखुरलेपणा काढ, कणांचं माप घे, एमएस्सीच्या प्रोजेक्टला ते भरपूर आहे.